ग्रेट वर्लीचे गूढ

(शेरलॉक होम्स हा कल्पित गुप्तहेर निर्माण करणारे प्रख्यात ब्रिटिश लेखक सर आर्थर कॉनन डॉइल यांनी प्रत्यक्ष जीवनातही एकदा हेराची भूमिका पार पाडली. इंग्लंडातील एका खेड्यात घडलेली ही सत्यकथा आहे. तिचा नायक मुंबईच्या एका पारशी गृहस्थाचा मुलगा होता. संशय आणि पुरावा यांत केवढे अंतर असते, हे या पाठावरून समजून येईल.)

हेरकथा वाचावयास कोणाला आवडत नाही? इंग्लंडातील एखादे शांत खेडे, सभोवार हिरवीगार कुरणे, झुडपांची कुंपणे, मध्यभागी चर्चचा मनोरा. आणि अशा निवांत गावात एके रात्री काहीतरी भयंकर घडते. गावकरी भयभीत होतात. जो तो शेजाऱ्याकडे संशयाने पाहू लागतो. पोलिसांची मती गुंग होते. अशा वेळी तीक्ष्ण नजरेचा एखादा गुप्तहेर येतो, इतरांनी दुर्लक्षिलेल्या बारीकसारीक गोष्टी टिपतो आणि त्यांच्या आधारे गूढ उकलतो. १८८७ साली शेरलॉक होम्सची पहिली कथा प्रसिद्ध झाली, तेव्हापासून अशा कथांनी जगभरच्या वाचकांना वेड लावले आहे.

परंतु कथेतील गुन्हा लेखकाच्या लेखणीतून उतरलेला असतो. तेथे चूक झाली तरी कोणाचे काही बिघडत नाही. प्रत्यक्षात मात्र तपास करणाऱ्याची चूक एखाद्या निरपराधी माणसाच्या आयुष्याची धूळधाण करू शकते. ग्रेट वर्ली या गावी असेच घडले.

इंग्लंडच्या मध्यभागी स्टॅफर्डशायर नावाचा परगणा आहे. त्यात ग्रेट वर्ली हे गाव वसले आहे. त्या काळी गावातील काही लोक शेती करीत, तर बरेचसे जवळच्या कोळशाच्या खाणींत राबत. या गावच्या चर्चचे धर्मगुरू होते रेव्हरंड शापुरजी एदलजी. ते मूळचे मुंबईचे पारशी. तरुणपणी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. ते मोठे व्यासंगी होते. त्यांनी रचलेला गुजराती-इंग्रजी शब्दकोश १८६३ साली प्रसिद्ध झाला होता. पुढे ते इंग्लंडला गेले, तेथेच त्यांनी एका इंग्रज स्त्रीशी विवाह केला आणि १८७६ च्या सुमारास ग्रेट वर्लीचे धर्मगुरुपद त्यांच्याकडे आले. इंग्लंडातील खेड्यात भारतीय माणसाने धर्मगुरू व्हावे, ही त्या काळी फार अपूर्व गोष्ट होती. ती काही लोकांना रुचली नाही.

जॉर्ज हा त्यांचा थोरला मुलगा. त्याचा जन्म १८७६ सालचा. तो अबोल, अभ्यासू व काहीसा एकलकोंडा होता. तो बारा वर्षांचा असताना, १८८८ साली, त्यांच्या घरी धमकीची निनावी पत्रे येऊ लागली. काही काळाने ती थांबली; परंतु १८९२ साली पुन्हा सुरू झाली आणि तीन वर्षे येत राहिली. कोणीतरी धर्मगुरूंच्या नावाने वृत्तपत्रांत खोट्या जाहिराती दिल्या, दुकानदारांकडे नको त्या मालाच्या मागण्या नोंदविल्या. त्या साध्या कुटुंबाला या छळाने अगदी नकोसे करून सोडले.

१८९२ च्या डिसेंबरात एके दिवशी त्यांच्या दाराच्या पायरीवर एक मोठी किल्ली सापडली. ती सुमारे सहा मैलांवरील वॉल्सॉल गावच्या शाळेची होती. जॉर्जचा त्या शाळेशी काडीचाही संबंध नव्हता. तो दुसऱ्याच गावच्या शाळेत शिकला होता. तथापि परगण्याचे पोलीसप्रमुख कॅप्टन अँसन यांनी मनाशी ठरवून टाकले, की ही किल्ली जॉर्जनेच आणली असली पाहिजे. किल्लीबद्दल आपणांस काही ठाऊक नाही असे जॉर्जने कितीही सांगितले तरी आपला त्यावर विश्वास बसणार नाही, अशा अर्थाचे पत्र त्यांनी शापुरजींना पाठविले. कॅप्टन अँसन यांचे हे पत्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढील अनर्थाचे बीज त्यातच होते. ज्याने उत्तर आधीच ठरविले आहे, त्याला पुरावा शोधण्याची गरजच वाटत नाही.

वर्षे लोटली. जॉर्ज कायद्याचा अभ्यास करून वकील झाले आणि बर्मिंगहॅम शहरी त्यांनी कचेरी उघडली. ते रोज सकाळी आगगाडीने शहरास जात व सायंकाळी घरी परतत. आगगाडीच्या प्रवाशांना उपयोगी पडावे म्हणून त्यांनी रेल्वेच्या कायद्यावर एक छोटेसे पुस्तकही लिहिले; ते १९०१ साली प्रसिद्ध झाले. ते मद्याला शिवत नसत, धूम्रपान करीत नसत. असा हा सरळमार्गी तरुण होता.

१९०३ साल उजाडले आणि ग्रेट वर्लीवर एक विचित्र संकट कोसळले. फेब्रुवारीच्या आरंभी एके सकाळी कुरणात एक घोडा जखमी अवस्थेत आढळला. रात्री कोणीतरी धारदार हत्याराने त्याच्या पोटावर वार केला होता. त्यानंतर ऑगस्टपर्यंत घोडे, गाई, मेंढ्या अशी अनेक मुकी जनावरे त्याच क्रूर रीतीने बळी पडली. गुन्हेगार कोण आणि त्याचा हेतू काय, काहीच कळेना. शेतकरी धास्तावले. पोलिसांनी रात्रीचा पहारा बसविला. त्याच सुमारास पुन्हा निनावी पत्रे येऊ लागली. जनावरांना मारणारी एक टोळी असून जॉर्ज एदलजी हे तिच्यात सामील आहेत, असे त्यांत लिहिलेले असे. पोलिसांचा तर्क असा, की ही पत्रेही जॉर्जच लिहीत असावेत! आपल्याच विरुद्ध पोलिसांना पत्रे कोणता शहाणा माणूस लिहील, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

१७ ऑगस्टची रात्र अंधारी व पावसाळी होती. १८ तारखेस सकाळी सव्वासहाच्या सुमारास कामावर निघालेल्या एका मुलाला खाणीच्या मालकीचे एक तट्टू जखमी होऊन उभे असलेले दिसले. ते शेत धर्मगुरूंच्या घरापासून सुमारे अर्ध्या मैलावर होते. पोलीस तडक एदलजींच्या घरी गेले. जॉर्ज त्यापूर्वीच नेहमीच्या गाडीने बर्मिंगहॅमला गेले होते. पोलिसांनी त्यांचे चिखलाने माखलेले बूट, घरात वापरावयाचा एक जुना कोट आणि दाढीचे वस्तरे ताब्यात घेतले. त्याच दिवशी कचेरीत जाऊन त्यांनी जॉर्जना अटक केली.

ऑक्टोबर महिन्यात स्टॅफर्ड येथील न्यायालयात खटला उभा राहिला. सरकार पक्षाचे म्हणणे असे : बुटांना चिखल लागला होता, शेतातील पाऊलखुणा त्या बुटांशी जुळत होत्या, कोट ओलसर होता व त्यावर तट्टाचे केस सापडले, त्यावर रक्ताचे दोन बारीक डागही होते, आणि हस्ताक्षरतज्ज्ञ थॉमस गरिन यांच्या मते निनावी पत्रांतील अक्षर जॉर्ज यांचेच होते. पंचांना हे पुरेसे वाटले. २३ ऑक्टोबर १९०३ रोजी जॉर्ज यांना सात वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. वकिलांच्या यादीतून त्यांचे नाव काढून टाकण्यात आले. त्या वेळी त्यांचे वय होते अवघे सत्तावीस वर्षांचे.

खटला उभा राहण्यापूर्वीच एक गोष्ट घडली होती. जॉर्ज कोठडीत असताना, सप्टेंबर महिन्यात, त्याच परिसरात आणखी एक घोडा त्याच रीतीने मारला गेला. कोठडीतील माणसाने बाहेरचा घोडा कसा मारला? तरीही जॉर्ज यांच्यावरील संशय कमी झाला नाही. त्यांच्या टोळीतील दुसऱ्या कोणीतरी हे केले असेल, असे म्हणून पोलीस मोकळे झाले. ज्या टोळीचा एकही माणूस कधी सापडला नव्हता, ती आता त्यांच्या तर्काच्या मदतीला धावून आली.

बंदिवासात जॉर्ज यांनी प्रथम लुइस व नंतर पोर्टलंड येथील तुरुंगात दिवस कंठले. बाहेर त्यांचे आईवडील धीर न सोडता न्यायासाठी झगडत होते. बहामा बेटांचे माजी सरन्यायाधीश येल्व्हर्टन यांनी हा खटला अन्याय्य ठरवून सरकारकडे अर्ज केला. त्यावर सुमारे दहा हजार लोकांच्या सह्या होत्या. त्यांत शेकडो वकील होते. सरकारने कारण काहीच दिले नाही. मात्र ऑक्टोबर १९०६ मध्ये, तीन वर्षे भोगून झाल्यावर, जॉर्ज यांना सोडून देण्यात आले. ही सुटका म्हणजे निर्दोष ठरणे नव्हे. ते जगाच्या दृष्टीने गुन्हेगारच राहिले. पोलिसांची देखरेख चालूच होती व वकिली करण्याची मुभा नव्हती. शेवटी त्यांनी आपल्या खटल्यासंबंधीची वृत्तपत्रांतील कात्रणे कॉनन डॉइल यांच्याकडे पाठविली.

त्या वर्षी जुलै महिन्यात डॉइल यांची पत्नी निवर्तली होती. त्या दुःखाने त्यांचे कशातही मन रमत नव्हते. परंतु ही कात्रणे वाचताच, येथे घोर अन्याय झाला आहे असे त्यांना जाणवले. त्यांनी आपली इतर कामे बाजूला सारली आणि पुढील कित्येक महिने याच कामाला वाहून घेतले. या कामाचा त्यांनी एक पैसाही घेतला नाही.

डॉइल मूळचे डॉक्टर. नेत्रवैद्यकाचाही त्यांनी अभ्यास केला होता. लंडनमधील एका हॉटेलात त्यांनी जॉर्ज यांना भेटीस बोलाविले होते. डॉइल यांना पोहोचण्यास थोडा उशीर झाला. जॉर्ज वर्तमानपत्र वाचीत बसले होते. डॉइल क्षणभर दुरूनच पाहत उभे राहिले. जॉर्ज यांनी कागद अगदी डोळ्यांशी धरला होता आणि तोही काहीसा तिरपा. तेवढ्यावरून डॉइल यांनी ओळखले, की या माणसाची दृष्टी फारच अधू आहे. जवळ जाऊन त्यांनी विचारपूस केली, तेव्हा ते खरे ठरले. पुढे तज्ज्ञ नेत्रवैद्याने तपासणी केली. जॉर्ज यांच्या दृष्टीचा दोष उणे आठ डायॉप्टर इतका होता. शिवाय नेत्रगोलाच्या वक्रतेतही दोष होता. त्यांना योग्य असा चष्माही आजवर मिळाला नव्हता. काही पावलांवरील वस्तूही अशा माणसाला धूसर दिसते. खोलीच्या पलीकडे उभा असलेला माणूस ओळखणे ज्याला कठीण, तो काळोख्या पावसाळी रात्री पहारेकऱ्यांना चुकवून, रान तुडवीत जाईल आणि उघड्या शेतात बुजणारे जनावर गाठून त्यावर नेमका वार करील, हे कोणाला पटेल?

ही शंका मनात घेऊन डॉइल स्वतः ग्रेट वर्लीला गेले. धर्मगुरूंच्या घरापासून त्या शेतापर्यंतची वाट त्यांनी पायी तुडविली. वाटेत आगगाडीचा मोठा मार्ग आडवा येत होता. रुळांच्या अनेक जोड्या, तारा, दोन्ही बाजूंस कुंपणे, खंदक, झुडपे! धडधाकट डोळ्यांच्या माणसालाही दिवसाउजेडी ही वाट त्रासाची होती.

नंतर त्यांनी पुराव्यांचा एकेक दुवा हाती घेऊन तपासला. प्रथम वेळेचा प्रश्न. त्या दिवशी सायंकाळी जॉर्ज चांभाराकडे जाऊन साडेनऊच्या सुमारास घरी परतले होते. या फेरीतच त्यांनी गुन्हा केला, असे पोलीस आरंभी म्हणत. परंतु सकाळी तट्टाला तपासणाऱ्या पशुवैद्याने सांगितले, की जखम फार तर सहा तासांपूर्वीची आहे. म्हणजे गुन्हा मध्यरात्रीनंतर दोन-अडीचच्या पुढे घडला असला पाहिजे. त्या वेळी जॉर्ज वडिलांच्याच खोलीत निजलेले होते. दाराला कुलूप होते आणि शापुरजींची झोप फार सावध असे. ही अडचण दिसताच सरकार पक्षाने आपली कथाच बदलली व गुन्हा मध्यरात्रीनंतर झाला असे प्रतिपादन केले. आरोपी तोच राहिला. वेळ मात्र सोयीप्रमाणे पुढे सरकली.

दुसरा प्रश्न चिखलाचा. बुटांवरील चिखल रस्त्यावरचा काळा चिखल होता. डॉइल यांनी शेतातील माती पाहिली, तर ती पिवळसर तांबूस, चिकणमाती व वाळू यांचे मिश्रण असलेली होती. शेतात गेलेल्या बुटांवर शेतातील माती नसावी हे नवलच! पाऊलखुणांची गोष्टही तशीच. पोलीस ठसे मोजण्यास गेले तोवर शेतातून कितीतरी लोक ये-जा करून गेले होते. आणि त्या ठशांचे साचे कोणी घेतलेच नव्हते.

तिसरा प्रश्न कोटाचा. सकाळी पोलीस कोट पाहत होते, तेव्हा त्यावर केस नाहीत असे जॉर्ज यांचे आईवडील व बहीण निक्षून सांगत होती. केस दिसत असते, तर ते तेथल्या तेथे चिमटीने उचलून सर्वांना दाखविता आले असते. तसे कोणी केले नाही. पुढे दिवसभरात पोलिसांनी तट्टाच्या कातड्याचा एक तुकडा कापून घेतला. कोट डॉक्टरांच्या हाती पडला तो रात्री नऊच्या सुमारास, आणि त्या वेळी त्यांना त्यावर एकोणतीस केस आढळले. कातड्याचा तुकडा व कोट एकत्र आल्यामुळेच हे केस कोटाला चिकटले असले पाहिजेत, असे अनुमान डॉइल यांनी काढले. बाकी राहिले रक्ताचे दोन चिमुकले डाग. एवढ्या मोठ्या जखमेतून रक्त उडाले असते, तर दोन ठिपक्यांवर भागले असते काय?

चौथा प्रश्न हस्ताक्षराचा. याच गरिन यांनी अडॉल्फ बेक नावाच्या गृहस्थाविरुद्ध पूर्वी साक्ष दिली होती. दुसऱ्याचे अक्षर त्यांनी बेक यांचे ठरविले होते. बेक यांना तुरुंगवास घडला आणि खरा गुन्हेगार १९०४ साली सापडल्यावर ते निर्दोष असल्याचे सिद्ध झाले. तज्ज्ञाचे मत आदरणीय खरे. पण तेही पारखूनच घ्यावे लागते.

अशा रीतीने एकामागून एक सारे पुरावे ढासळले. डॉइल यांनी आपला शोध ११ व १२ जानेवारी १९०७ रोजी लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ या दैनिकात प्रसिद्ध केला. हे लेख कोणीही विनामूल्य छापावेत, अशी मोकळीक त्यांनी दिली. त्यामुळे ते देशभर वाचले गेले. इंग्लंडात एकच खळबळ उडाली. शेरलॉक होम्सचा जनकच न्याय मागत आहे, हे पाहून सरकारलाही स्वस्थ बसवेना. गृहमंत्र्यांनी तिघा सदस्यांची समिती नेमली.

मे महिन्यात समितीचा निर्णय जाहीर झाला. जनावरांच्या हत्येबद्दल जॉर्ज यांना दोषी ठरविणे योग्य नव्हते, हे समितीने मान्य केले. परंतु ती पत्रे मात्र त्यांनीच लिहिली असावीत आणि म्हणून आपल्या संकटाला ते स्वतःही काही अंशी कारण आहेत, असा शेराही तिने मारला. त्यामुळे त्यांना माफी मिळाली. पण तुरुंगात गेलेल्या तीन वर्षांची भरपाई मिळाली नाही. जो गुन्हा केलाच नाही त्याची माफी कसली, असा प्रश्न डॉइल यांना पडला. ते अखेरपर्यंत या अर्धवट न्यायावर संतापलेले होते. वकिलांच्या संस्थेने मात्र १९०७ च्या नोव्हेंबरात जॉर्ज यांचे नाव पुन्हा आपल्या यादीत दाखल करून घेतले. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात डॉइल यांचा दुसरा विवाह झाला, तेव्हा जॉर्ज सन्मान्य पाहुणे म्हणून उपस्थित होते.

मग खरा गुन्हेगार कोण? हेरकथेच्या शेवटच्या पानावर गुन्हेगार सापडतो. येथे तो सापडला नाही. डॉइल यांनी एका विशिष्ट माणसावर संशय व्यक्त केला होता. परंतु तो सिद्ध होऊ शकला नाही. त्या माणसासही आपण गुन्हेगार म्हणू शकत नाही, कारण जो नियम जॉर्ज यांना लागू तोच त्यालाही लागू. संशय घेणारा मनुष्य कितीही बुद्धिमान असला, तरी त्याचा संशय हा पुरावा होत नाही. पुढे १९३४ साली एका इसमाने निनावी पत्रांपैकी काही आपण लिहिल्याची कबुली दिली. जनावरांना कोणी मारले, हे गूढ मात्र आजही कायम आहे.

तथापि या प्रकरणातून एक मोठी गोष्ट निष्पन्न झाली. त्या काळी इंग्लंडात फौजदारी खटल्यात शिक्षा झालेल्या माणसाला दाद मागण्यासाठी स्वतंत्र अपील न्यायालय नव्हते. बेक व एदलजी यांच्यावरील अन्यायाने लोकमत जागे झाले आणि १९०७ साली तसा कायदा संमत झाला. पुढील वर्षापासून फौजदारी अपील न्यायालयाचे काम सुरू झाले. ज्या न्यायालयात जॉर्ज यांना स्वतःला जाता आले नाही, त्याचे दार त्यांच्या दुःखामुळे पुढील कित्येकांना खुले झाले.

शापुरजी १९१८ साली वारले. अखेरपर्यंत ते ग्रेट वर्लीचेच धर्मगुरू होते. ज्या गावाने एवढे दुःख दिले ते गाव त्यांनी सोडले नाही. जॉर्ज यांनी पुन्हा वकिली केली आणि १९५३ साली त्यांचा शांतपणे अंत झाला.

ग्रेट वर्लीच्या पोलिसांना डोळे होते. त्यांनाही बूट दिसला, चिखल दिसला, कोट दिसला. डॉइल यांनी याहून वेगळे काही पाहिले नाही. परंतु पोलीस गुन्हेगाराचे नाव आधी ठरवून त्याला जुळतील अशा खुणा शोधीत होते, तर डॉइल खुणा काय सांगतात ते आधी ऐकत होते. शाळेत एखाद्याची पेन्सिल हरवते, कोणी काच फोडतो, आणि जो मुलगा अबोल किंवा नवखा असेल त्याच्याकडे सर्वांची बोटे वळतात. अशा वेळी बोट उचलण्यापूर्वी आपण स्वतःला विचारावे : मला हे ठाऊक आहे, की नुसते वाटते आहे? एवढा एक प्रश्न कॅप्टन अँसन यांनी त्या किल्लीच्या वेळी स्वतःला विचारला असता, तर एका निरपराधी माणसाच्या आयुष्यातील तीन वर्षे वाचली असती.

शब्दार्थ

मती गुंग होणे – काही सुचेनासे होणे. परगणा – प्रांताचा विभाग, जिल्हा. व्यासंगी – सतत अभ्यास करणारा. निनावी – लिहिणाऱ्याचे नाव नसलेले. तट्टू – लहान चणीचा घोडा. सक्तमजुरी – कष्टाची कामे करावी लागणारी कैद. दिवस कंठणे – कष्टाने दिवस घालविणे. अनुमान – दिसणाऱ्या खुणांवरून काढलेला निष्कर्ष. निष्पन्न होणे – परिणाम म्हणून बाहेर पडणे.

अभ्यास

१. पुढील प्रश्नांची एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) शापुरजी एदलजी मूळचे कोठले होते?
(आ) जॉर्ज यांची दृष्टी अधू आहे हे डॉइल यांनी कशावरून ओळखले?
(इ) समितीने कोणता अर्धवट निर्णय दिला?

२. पुढील प्रश्नांची पाच-सहा ओळींत उत्तरे लिहा.
(अ) वेळेचा पुरावा जॉर्ज यांच्या बाजूचा कसा ठरतो?
(आ) चिखलाच्या रंगावरून डॉइल यांनी काय दाखवून दिले?
(इ) जॉर्ज कोठडीत असताना घोडा मारला गेला, या घटनेचा पोलिसांनी कसा अर्थ लावला? तो तुम्हांस योग्य वाटतो काय? का?

३. कारणे द्या.
(अ) तुरुंगातून सुटल्यावरही जॉर्ज यांचे समाधान झाले नाही.
(आ) डॉइल यांनी ज्याच्यावर संशय घेतला त्याला गुन्हेगार म्हणता येत नाही.

४. पुढील वाक्प्रचारांचा आपल्या वाक्यांत उपयोग करा.
धूळधाण करणे, वाहून घेणे, नकोसे करून सोडणे, काडीचाही संबंध नसणे.

५. ‘संशय’ व ‘पुरावा’ यांतील फरक स्पष्ट करणारा एखादा प्रसंग दहा-बारा ओळींत लिहा.